चार कळ्यांचा स्कर्ट

टपाल खात्याच्या शिवणखोलीत बारा मशिनं होती आणि त्यातल्या खिडकीजवळच्या मशीनवर बसणाऱ्या बाईला सगळे ‘मोजपट्टी’ म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडायचंही. सव्वीस वर्षांत तिच्या हातून गेलेल्या एकाही गणवेशात पाव इंचाची चूक निघाली नव्हती. खोलीच्या भिंतीवर खिळ्यांना पुठ्ठ्याचे नमुने टांगलेले असत. शर्टाची पाठ, बाही, कॉलर, बायकांच्या स्कर्टाचे पुढचा आणि मागचा असे दोन पाट. नमुना कापडावर ठेवायचा, खडूनं रेघ मारायची, रेघेवरून कात्री चालवायची. यात डोकं कशाला लागतं, असं नव्या मुलींना वाटे. मोजपट्टी त्यांना सांगायची, डोकं न चालवणं हीच तर यातली खरी मेहनत आहे.

घरात तिघं होती. ती, तिचा धाकटा भाऊ आणि भावजय. लग्न तिनं केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारणारी माणसं एकेक करून थकून गेली होती. भाऊ वीज खात्यात लाइनमन होता. गेल्या वर्षी खांबावरून पडला. वाचला, पण कंबरेत असा काही मार बसला की काठीशिवाय दहा पावलं टाकणं जमेना. खात्यानं निरोपाचा हार घातला आणि नारळ दिला, म्हणजे शब्दशः नाही, पण अर्थ तोच. तेव्हापासून तो खिडकीशी खुर्ची ओढून बसायचा. त्याच्या खात्याच्या तीन निळ्या पँटी ट्रंकेत इस्त्री करून ठेवलेल्या होत्या. त्या कुणाला तरी देऊन टाकाव्यात असं भावजयीनं एकदा सुचवलं होतं. त्या दिवशी तो जेवला नाही. मग तो विषय पुन्हा निघाला नाही.

भावजय वेगळ्याच मातीची. मोठ्यानं हसायची, चालता चालता मागे वळून बोलायची, आणि बोलता बोलता दाराच्या चौकटीवर आपटायची. मोजपट्टीला ती एरवी ‘ताई’ म्हणे आणि फिरकी घ्यायची असली की ‘वन्सं’. टपाल खात्यात बायका घेताहेत हे तिनं वर्तमानपत्रात वाचलं, कुणाला न सांगता अर्ज केला, परीक्षा दिली, आणि नेमणुकीचं पत्र हातात आल्यावर घरी सांगितलं. तीन महिने कच्ची नेमणूक, काम पसंत पडलं तर पक्की. भाऊ दोन दिवस खिडकीकडेच तोंड करून बसला. मोजपट्टीनं एवढंच विचारलं की वाटप वेळेत झालं नाही तर काढून टाकतात, हे माहीत आहे ना. भावजय म्हणाली, माहीत आहे, आणि कपाटावरचा धूळ खात पडलेला डबा काढून त्यात स्वतःसाठी शिदोरी बांधायची तयारी करू लागली.

तिच्या अंगावर चढला तो गणवेश मोजपट्टीनंच शिवला होता. गडद निळ्या जाड कापडाचा सरळ स्कर्ट, खालचा घेर चाळीस इंच, जमिनीपासून चौदा इंच वर. बायकांनी स्कर्टच घालायचा असा नियम होता. तो कुणी आणि कधी केला हे कुणालाच आठवत नव्हतं, त्यामुळे तो बदलायला कुणाकडे जावं हेही कुणाला कळत नव्हतं.

भावजयीला वाटप मिळालं ते चढावरच्या वस्तीचं. तिथं रस्ते कमी आणि पायऱ्या जास्त. चार-चार मजली जुन्या इमारती, आणि पत्रपेट्या खाली नव्हत्या. पत्र दारात जाऊन द्यावं लागे. पहिल्या आठवड्यात ती रोज दीड तास उशिरा परत यायची. दुसऱ्या आठवड्यात तासभर. वरिष्ठांनी वहीत तिच्या नावापुढे वेळ लिहायला सुरुवात केली होती.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती घरी आली ती ओढणीनं तोंड झाकून. ओढणी काढली तर ओठ सुजलेला, पुढच्या दाताचा टवका उडालेला आणि उजव्या गुडघ्याला दवाखान्यातली पट्टी. तिसऱ्या मजल्यावरून उतरताना घाईत पायरी चुकली नव्हती, असं तिनं सांगितलं. पायरी दिसत होती. पाय पोचत नव्हता. स्कर्टानं गुडघे बांधल्यासारखे धरले आणि ती पिशवीसकट खाली आली. शिवाय पत्रं जिनाभर पसरली. एका म्हातारीनं आणि तिनं मिळून ती वेचली, आणि म्हणून आज दोन तास उशीर.

भाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाला, “सोडून दे.”

“तू सोडलंस?” भावजय म्हणाली. “तुला सोडवलं. तुझं मन अजून खांबावरच आहे.”

एवढं बोलून ती आत गेली. त्या घरात इतकं उघडं बोलणं गेल्या वर्षभरात कुणी केलं नव्हतं. मोजपट्टी मोरीशी जाऊन तो स्कर्ट थंड पाण्यात भिजवत बसली. रक्त गुडघ्याच्या जागी लागलं होतं. ते निघालं, पण तिची नजर तिथून निघेना. चाळीस इंच. हा आकडा तिनं सव्वीस वर्षांत किती वेळा टेपवर बघितला असेल. त्यात माणसाचं पाऊल किती मावतं हे मात्र तिनं कधी मोजलं नव्हतं.

पाण्यात हात ठेवून बसलेली असताना तिला एक उंच टपालवाली आठवली. पाच-सहा वर्षांपूर्वी त्या बाईनं स्कर्टाच्या बाजूची शिवण गुडघ्यापर्यंत उसवून घेतली होती. तपासणीत ते सापडलं आणि स्कर्ट दुरुस्तीला शिवणखोलीत आला. मोजपट्टीनं तो दुहेरी दोऱ्यानं शिवला, पुन्हा उसवू नये म्हणून. महिन्याभरात त्या बाईनं नोकरी सोडली. तेव्हा मोजपट्टीला आपण चोख काम केलं असंच वाटलं होतं. आता तिनं हातातल्या ओल्या स्कर्टाची बाजूची शिवण बोटांनी चाचपून पाहिली.

दुसऱ्या दिवशी शिवणखोलीत तिनं प्रमुखबाईंकडे विषय काढून पाहिला. स्कर्टाचा घेर वाढवता येईल का? प्रमुखबाई चांगल्या होत्या, पण त्यांना निवृत्तीला अकरा महिने उरले होते. त्या म्हणाल्या की नमुना मुख्य कचेरीतून येतो, आपण आकाशातून पाऊस पडतो तसा तो घ्यायचा. बाजूला चीर दिली तर तपासणीत पकडतात. चुण्या घातल्या तर कापड वाढतं. आणि मुळात, त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, हे तुम्ही विचारताय?

मोजपट्टी जागेवर येऊन बसली. पण त्या दिवशी तिचं डोकं चालत राहिलं.

एकोणीस वर्षांची असताना ती एका शिंप्याकडे हाताखाली होती. तो बायकांचे घेरदार फ्रॉक शिवायचा. त्यानं तिला काज-बटणांपलीकडे कशाला हात लावू दिला नाही, पण डोळ्यांवर कुणाला पहारा बसवता येतो? तो स्कर्टाच्या सरळ पाटाला खालून चीर द्यायचा आणि त्या चिरेत कापडाचा त्रिकोण बसवायचा. त्याला तो कळी म्हणे. बाई उभी असली की कळ्या मिटलेल्या, घडीसारख्या आत गेलेल्या. बाई चालायला लागली की एकेक कळी उघडायची. वरून कंबर-नितंबांशी स्कर्ट तसाच सरळ, आणि खाली पावलाला मोकळीक. म्हणजे चीर होती, पण उघडी नव्हती. घेर होता, पण दिसत नव्हता.

रविवारी सकाळी तिनं स्वयंपाकघरातलं टेबल रिकामं केलं, वर्तमानपत्र पसरलं आणि कागदी कळी कापली. उंची चौदा इंच, खालची रुंदी नऊ. भावजय बघत राहिली.

“ताई, हे नियमात बसतं?”

“उभी राहिलीस तर बसतं.”

“आणि चालले तर?”

“चालायचं की नाही ते आधी ठरव,” मोजपट्टी म्हणाली.

भावजय हसली, आणि फुटलेला ओठ ताणला गेला म्हणून कळवळली.

अडचण कापडाची होती. शिवणखोलीतल्या चिंध्यासुद्धा घरी न्यायच्या नाहीत असा नियम होता, आणि एका दिवसात किती नियम मोडायचे याला मोजपट्टीच्या दृष्टीनं मर्यादा होती. बाजारात मिळणारी निळी कापडं एक तर जांभळट होती, नाही तर पातळ. पातळ कळी जाड स्कर्टात लोंबते, जशी नको त्या घरात दिलेली मुलगी. भावजयीचा जुना कोट उसवावा का, यावर दोघींची चर्चा चालू होती, तेवढ्यात मागून ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

भाऊ काठी भिंतीला टेकवून वाकला होता. वाकणं त्याला मना होतं. त्यानं वरची पँट काढली, सरळ होता होता दोनदा थांबला, आणि टेबलापाशी येऊन ती कागदी कळीशेजारी ठेवली.

“हे कापड काट्यातून ओढलं तरी फाटत नाही,” तो म्हणाला. “रंग थोडा उडालाय. आतल्या बाजूनं बरा आहे.”

भावजयीनं त्याच्याकडे बघितलं. मग तिनं पँटीला जागा व्हावी म्हणून कात्री आणि खडू बाजूला सरकवले. मोजपट्टीनं पँट उलटी केली, शिवणी उसवल्या आणि पाय सपाट उघडले. एका पायातून दोन, अशा चार कळ्या नेमक्या निघत होत्या. कापताना तिनं कापडाचे उभे धागे कळीच्या मधोमध येतील असे ठेवले, म्हणजे दोन्ही कडा सारख्याच तिरक्या पडतात. नाही तर एक कड ताणते आणि कळी तोंड वाकडं करून बसते. भाऊ खुर्ची ओढून टेबलाशी बसला. खिडकी सोडून तो दुसरीकडे बसला, असं बऱ्याच महिन्यांनी झालं.

बाजूच्या दोन कळ्या सोप्या होत्या. तिथं शिवण होतीच. ती खालून चौदा इंच उसवली आणि घरच्या मशीनवर कळी बसवली. खरी परीक्षा पुढच्या आणि मागच्या पाटाची होती. तिथं अख्खं कापड. महिनाभरही न वापरलेल्या सरकारी स्कर्टाच्या ऐन मधोमध कात्री घालायची, आणि ती घातली की परतीची वाट नाही. मोजपट्टीनं खडूनं रेघ मारली. पुसली. पुन्हा मारली. सव्वीस वर्षं जो हात रेघेवरून डोळे मिटून जायचा तो आज कात्री उघडून थांबला होता.

“खांबावर पहिल्यांदा चढलो,” भाऊ म्हणाला, “तेव्हा आमचा मुकादम म्हणाला होता, खाली बघायचं नाही, वरही बघायचं नाही, हातासमोर बघायचं.”

तिनं हातासमोर बघितलं आणि कात्री चालवली.

पुढच्या पाटाची कळी बिघडली. दोन्ही कडा शिवून तिनं स्कर्ट उलटला तर चिरेच्या टोकाशी कापड गोळा होऊन चुणी पडलेली, जणू कुणी चिमटा काढलाय. तिनं उसवलं, पुन्हा शिवलं. पुन्हा चुणी. तिसऱ्यांदा उसवलं तेव्हा टोकाशी धागे सुटायला लागले. अजून एकदा उसवलं तर चीर वर सरकणार, आणि मग स्कर्ट गेलाच. तिनं स्कर्ट खाली ठेवला. हात पुसले. भावजयीनं चहा ठेवला. तिघं टेबलाशी बसून तो प्यायली.

चहा पिता पिता तिला त्या शिंप्याचे हात डोळ्यांसमोर आले. चेहरा आठवत नव्हता, हात आठवत होते. कळीच्या टोकाशी आला की तो मशीन थांबवायचा आणि सुई घ्यायचा. शेवटचा अर्धा इंच तो हातानं शिवायचा. त्याला कुणीतरी घाईत विचारलं होतं, मशीननं का नाही? तेव्हा तो म्हणाला होता की मशीन ढकलतं आणि हात विचारतो.

तिनं चिरेच्या टोकामागे बोटाच्या नखाएवढा पातळ कापडाचा तुकडा लावला, म्हणजे सुटणाऱ्या धाग्यांना आधार. मग टोकाशी अर्धा इंच सोडून तिथून खाली अशी मशीनची शिवण मारली, खालून वर नाही. खालून वर आलं की सगळं वाढीव कापड टोकाशी ढकललं जातं, हे तिच्या आता लक्षात आलं. आणि टोकाशी सोडलेला अर्धा इंच तिनं हातानं घातला, इतक्या बारीक टाक्यांनी की ते मोजायला भावजयीला चष्मा लागला असता. स्कर्ट उलटला. टोक सपाट होतं, पाण्यावर ठेवलेल्या पानासारखं.

“हं,” भाऊ म्हणाला. त्याच्या तोंडून हे प्रशस्तिपत्रच होतं.

संध्याकाळपर्यंत चारही कळ्या बसल्या. तिरक्या कडा लोंबतात, म्हणून खालची दुमड तिनं लगेच घातली नाही. स्कर्ट एक दिवस दाराच्या चौकटीला टांगून ठेवला आणि सोमवारी सगळं खाली उतरलेलं कापड एका रेघेत छाटून दुमड घातली. त्या दिवशी भावजय गणवेशाचा दुसरा, बिनकळ्यांचा स्कर्ट घालून पायरी पायरीनं उतरली. शेवटी मोजपट्टीनं प्रत्येक कळीच्या दोन्ही कडा कच्च्या टाक्यांनी एकमेकींना जोडल्या, ओलं फडकं ठेवून कडक इस्त्री फिरवली आणि टाके काढले. कळ्या मिटून आत गेल्या. समोर धरला तर तोच सरळ सरकारी स्कर्ट.

भावजय तो घालून जिन्यात गेली. त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. ती खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. खोलीत भाऊ मान तिरपी करून ऐकत होता. आधी एकेक पायरी वाजत होती. मग आवाजांतलं अंतर वाढलं.

“दोन दोन चढतेय,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, “आता पळतेय.”

त्या आठवड्यात ती वेळेवर परत आली. पुढच्या आठवड्यात वेळेच्या वीस मिनिटं आधी. तिला आता वस्तीतल्या गोष्टी दिसू लागल्या होत्या. आधी फक्त पायऱ्या दिसत. जेवताना ती सांगायची, अमक्या मजल्यावरच्या मास्तरांना पत्र येत नाही तरी ते दारात उभे असतात, तमक्या घरच्या दोघी बहिणी एकमेकींची पोस्टकार्डं आधी वाचतात. भाऊ प्रश्न विचारायचा. त्या वस्तीतले खांब त्यानं एकेकाळी बघितले होते. कुठली गल्ली कुठं निघते हे त्याला तोंडपाठ होतं. एकदा त्यानं कागदावर नकाशा काढून दिला आणि तिच्या फेरीतला एक अख्खा चढ वाचवला.

महिन्याची गणवेश तपासणी आली. बायका अंगणात ओळीनं उभ्या राहत, तपासनीस साहेब लाकडी पट्टी जमिनीला टेकवून स्कर्टाची उंची बघत, आणि दुरुस्त्या टिपून घ्यायला शिवणखोलीतलं एक माणूस सोबत असे. ते माणूस नेहमी मोजपट्टीच असायची. साहेब सभ्य गृहस्थ. आवाज कधी चढवायचे नाहीत. पण त्यांच्या नजरेतून बटणाचा रंगसुद्धा सुटत नसे, आणि गेली कित्येक वर्षं या दोघांचं एकमेकांशी उत्तम जमत आलं होतं. आज ती वहीची पानं उगाच मागेपुढे करत होती.

साहेब भावजयीपाशी आले. पट्टी टेकवली. चौदा इंच. शिवणीवरून नजर फिरवली, मान हलवली आणि पुढे गेले. मोजपट्टीच्या जिवात जीव आला. ओळ संपली, साहेबांनी जायला सांगितलं, बायका पिशव्या घ्यायला निघाल्या. आणि भावजय, जिला घाई म्हणजे काय ते कुणी शिकवायची गरज नव्हती, लांब लांब ढांगा टाकत निघाली. चारही कळ्या उघडल्या. आत भावाच्या पँटीचा जरा फिका निळा रंग, दर पावलाला चमकत होता.

“थांबा,” साहेब म्हणाले.

ती थांबली. कळ्या मिटल्या.

“चाला.”

ती चालली. उघडल्या. साहेबांनी तिला अंगणात तीनदा चालवलं आणि थांबवलं. सगळ्या बायका बघत होत्या. मग त्यांनी विचारलं की हे कुणाकडून करून घेतलं. एरवी जिचं तोंड बंद होत नसे ती भावजय ओठ मिटून जमिनीकडे बघत राहिली. मोजपट्टीनं वही मिटली.

“मी केलं,” ती म्हणाली.

साहेबांना ते आधी ऐकूच आलं नसावं. “तुम्ही?”

“हो. माझी भावजय आहे म्हणून केलं, हेही लिहा. पण नसती तरी करायला हवं होतं. ते मी सहा वर्षांपूर्वी केलं नाही, हेही लिहा हवं तर.”

सहा वर्षांपूर्वीचं काय, हे साहेबांना कळलं नाही, पण ते विचारत बसले नाहीत. त्यांनी भावजयीला शिवणखोलीतला दुसरा स्कर्ट घालून यायला सांगितलं, तिचा स्कर्ट नमुना म्हणून ताब्यात घेतला आणि तिथंच उभ्या उभ्या अहवाल लिहिला. लिहिताना ते दोनदा थांबले. मोजपट्टीला उलटं वाचता येत होतं. साहेबांनी लिहिलं होतं: ‘उभे असता नमुन्याप्रमाणे. चालता नमुन्याबाहेर. टपाल वाटप उभे राहून होते की चालून, याबाबत मुख्य कचेरीने मार्गदर्शन करावे.’

तिनं वर बघितलं. साहेबांचा चेहरा कोरा होता. त्यांनी पेनाला टोपण लावलं, आणि जाता जाता, दुसरीकडेच बघत म्हणाले की टोकाशी चुणी येऊ दिली नाहीत, काम स्वच्छ आहे.

नियम तो नियम. मोजपट्टीला पंधरा दिवस घरी बसायला लागलं. सव्वीस वर्षांत ती आजारपणाशिवाय घरी बसली नव्हती. पहिल्या दिवशी तिनं सगळी भांडी घासली, दुसऱ्या दिवशी घासलेली पुन्हा घासली. भावजय दुसऱ्या स्कर्टात परत हळू चालायला लागली होती, आणि तिची कच्ची नेमणूक संपायला पाचच आठवडे होते. आपण हात दाखवून अवलक्षण केलं की काय, असं मोजपट्टीला वाटू लागलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली. दारात एक ठेंगणी टपालवाली उभी होती, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्कर्ट. ती म्हणाली की तिचं वाटप नदीकाठचं आहे, दिवसातून आठ वेळा धक्क्यावरून होडीत उतरावं लागतं, आणि दर वेळी नावाड्याचा हात धरावा लागतो. नावाडी चांगला आहे, ती म्हणाली, पण त्याचा हात धरायचा की नाही हे तिनं ठरवावं, स्कर्टानं नाही.

“तपासणीत सापडलात तर?” मोजपट्टीनं विचारलं.

“सगळ्याच सापडलो तर काय करतील? पत्रं स्वतः वाटतील?”

दुसऱ्या दिवशी चौघी आल्या. आठवडा संपेपर्यंत अकरा झाल्या. कापड जिनं तिनं आपलं आणलं. कुणी नवऱ्याची पँट, कुणी बापाचा जुना कोट, एकीनं बसगाडीच्या कंडक्टर भावाचा शर्ट, पण तो पातळ, म्हणून चालला नाही. टेबल पुरेना म्हणून भाऊ पलंगावर फळी टाकून बसला आणि कळ्या कापू लागला. त्याचा हात नेटका होता, उंचीवर बारीक कामं केलेला हात. पहिल्या दिवशी तो तासाभरात थकला. चौथ्या दिवशी त्यानं मोजपट्टीला सांगितलं की तिची कागदी कळी खालून पाव इंच तिरकी आहे. तिनं मोजली. होती. त्या पाव इंचावरून त्यानं तिला पुढे दोन दिवस छळलं.

भावजयीचा दुसरा स्कर्टही त्याच आठवड्यात झाला. कळ्यांसाठी भावानं ट्रंकेतली दुसरी पँट काढली, यावेळी कुणी न मागता आणि न थांबता. तिनं आता लपवाछपवी केली नाही. सरळ ढांगा टाकत कचेरीत जायची. तिच्यामागे अकरा जणी तशाच. अंगणातून त्या निघाल्या की वेगवेगळ्या निळ्या रंगांच्या कळ्या उघडायच्या, आणि वरिष्ठ वहीत वेळ लिहायचे. वेळ सगळ्यांचीच कमी झाली होती. वहीला कुणाची भावजय कोण ते कळत नाही. पाच आठवड्यांनी भावजयीची नेमणूक पक्की झाली. कागद हातात देताना वरिष्ठ म्हणाले की मुख्य कचेरीचं उत्तर येईपर्यंत कुणालाच काही करता येत नाही, आणि ते अजून आलेलं नाही, हे त्यांनी जरा समाधानानंच सांगितलं.

पंधरा दिवस भरल्यावर मोजपट्टी कामावर परतली. शिवणखोलीत तिच्या मशीनला कुणीतरी तेल घालून ठेवलं होतं. दुपारी सगळ्यात नवी मुलगी स्टूल घेऊन तिच्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, ते टोकाचं कसं करतात ते दाखवाल का. मग दुसरी आली. प्रमुखबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिल्या, म्हणजे त्यांना काही दिसायला नको.

मुख्य कचेरीचं उत्तर चार महिन्यांनी आलं. जाड लिफाफा, तीन शिक्के. वाटप चालून होते हे मान्य. नवा नमुना मंजूर. स्कर्टास दोन कळ्या द्याव्यात, फक्त बाजूच्या शिवणींत. पुढच्या व मागच्या पाटास चीर देऊ नये, कारण पाट अखंड असणे शोभेस आवश्यक. सोबत काही सूचना असल्यास शिवणखोलीने पंधरा दिवसांत कळवावे.

प्रमुखबाईंनी ते मोठ्यानं वाचलं आणि खोलीत टाळ्या वाजल्या. दोन कळ्या म्हणजे काही कमी नव्हतं. मोजपट्टीही हसली. मग तिनं पत्र मागून घेतलं, शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि जागेवर जाऊन बसली. प्रमुखबाईंनी हळूच सांगितलं की मिळालंय ते पदरात पाडून घ्यावं, सूचना असल्यास असं सगळ्याच पत्रांत लिहितात, खरं कुणी पाठवत नसतं.

संध्याकाळी घरी तिनं कागद पुढे ओढला. भाऊ शेजारी बसला, भावजय उभ्या उभ्याच वाचायला लागली. मोजपट्टीनं तारीख घातली, मायना लिहिला आणि पेन थांबवलं.

“काय लिहू?” तिनं विचारलं. “शोभेचं म्हणतात.”

“तू कसं शिवतेस तसं लिही,” भाऊ म्हणाला.

तिनं लिहिलं: ‘बाजूच्या कळ्या पाय फाकून उभे राहणाऱ्याच्या उपयोगी आहेत. पाय पुढे पडतो, बाजूला नाही. तरी पुढच्या व मागच्या पाटास एक एक कळी द्यावी. टोक हाताने शिवल्यास पाट खराब दिसत नाही. कृती सोबत जोडली आहे.’

भावजयीनं वाचून सांगितलं की ‘नम्र विनंती’ राहिली. मोजपट्टीनं थोडा विचार केला, आणि ती न घालताच खाली सही केली. मग कृती लिहायला दुसरा कागद घेतला. एक कागद पुरला नाही. भाऊ आकृत्या काढत होता, भावजय मापं वाचून दाखवत होती, आणि तिसऱ्या पानावर, टोकाच्या अर्ध्या इंचाशी आल्यावर, मोजपट्टी पेन ठेवून सुई-दोरा घेऊन बसली, म्हणजे हात काय करतो ते नीट बघून लिहिता येईल.